मुतखडा टाळायचा, तर पाणी प्या!

मैत्रिणींनो, बाजाराला किंवा एसटीनं माहेरी निघालो, की आपण पाणी पिणंच टाळतो. वाटेत स्वच्छतागृह कुठं मिळणार? पण लघवी घट्ट झाली, की त्यातले क्षार साचून खडा धरतो. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी व्हावी, इतकं पाणी हवं. उन्हाळ्यात त्याहून जास्त. लिंबूपाणी चांगलं, पण साखर-मीठ बेतानं. लोणचं-पापडही कमीच. खड्याच्या भीतीनं दूध-दही मात्र सोडू नका. त्यातलं कॅल्शियम पालकातलं ऑक्झलेट आतड्यातच अडवतं. लहान खडे बरेचदा आपोआप पडून जातात. पण कळांबरोबर थंडीताप आला किंवा लघवी अडली, तर काढ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा. आणि बाजारात स्वच्छतागृह नसेल, तर बचतगटातल्या चौघी मिळून नगरपालिकेत अर्ज द्याच!