अंगी लागलेली अकरा मिनिटे

माझ्या भाचीच्या मेजासमोरच्या भिंतीवर तिच्या इयत्ता नववीचे वेळापत्रक डकवलेले आहे. दिवाळीच्या सुटीनंतर एका संध्याकाळी ते सहज वाचीत असता, आठवड्यातील दोन रकान्यांत छापलेल्या ‘शा. शि.’ या अक्षरांवर पेन्सिलीने ‘गणित, जादा’ असे लिहिलेले माझ्या दृष्टीस पडले, आणि हा बदल केव्हापासूनचा, असे विचारता तिने, ज्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता अशा स्वरात सांगितले, “ते तास तसेही कधी होत नव्हते, आत्या.” तो स्वर माझ्या मनातून जाईना. धावण्याचा आपला हक्क गेल्याचे ज्या वयात सर्वांआधी जाणवावे, त्याच वयात तो गेल्याची दखलसुद्धा या मुलीने घेतली नव्हती.

म्हणून, जेथे हा तास खरोखरीच भरतो अशी एखादी शाळा पाहावी या इच्छेने मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेले. तेथील माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एका बाईंविषयी परिचितांकडून ऐकले होते. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आणि मार्गशीर्षातल्या चार सकाळी मी त्या मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीलगतच्या ओट्यावर बसून काढल्या.

पहिल्या सकाळी मी पोहोचले तेव्हा शाळेची घंटा व्हायला अर्धा तास अवकाश होता. धुके उतरलेले नव्हते. त्या धुक्यात एक मध्यमवयीन स्त्री, साडीचा पदर कमरेला खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून, तळाला भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यातून फक्की सोडीत, दोरीच्या कडेने मागे मागे सरकत चालली होती. दवाने भिजलेल्या मातीवर फक्की पडली की तिला एक विलक्षण वास येतो; नव्या चुन्याचा, पाटीवरल्या पेन्सिलीचा आणि तुडवलेल्या हराळीचा मिळून झालेला. चाळीस वर्षांत जो वास माझ्या नाकात शिरला नव्हता, त्याने मला क्षणात माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वीच्या सकाळी नेऊन उभे केले. रेषा आखण्याचे हे काम त्या रोज घंटेपूर्वी करीत, कारण तासात त्याला वेळ नाही. आणि या अर्ध्या तासाची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरात होत नाही.

वस्तुतः ज्या प्रांतात हा विषय इतका पोरका व्हावा, त्या प्रांताची परंपरा दुबळी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांची चौकट घालण्यास आरंभ केला. स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम लोणावळ्यास १९२४ मध्ये उभे राहिले, तर दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर त्यानंतर एका वर्षाने. ज्यांनी आखाडे आणि शाळा एकाच श्वासात चालवल्या त्या पिढीचे वारसदार आपण. आणि आज आपल्या शाळांत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणीचा विषय आहे, म्हणजे शालान्त परीक्षेच्या एकूण गुणांत त्याची बेरीज होत नाही. बेरजेत जे येत नाही, ते जादा तासाची निकड निर्माण होताच सर्वांत प्रथम वजा होते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे अशी तरतूद केली, हे योग्यच झाले. परंतु त्या क्रीडांगणावर मुलाचे पाऊल किती वेळ पडते, हे कायद्याला पाहता येत नाही. ते पाहण्याचे काम अखेर एका माणसाकडे येते.

या बाईंनी ते पाहिले होते. पहिल्या दिवशी तास संपल्यावर हात झटकीत त्या ओट्यावर येऊन बसल्या, आणि मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी मी एक दिवस घड्याळ लावून एकाच मुलीवर नजर ठेवली होती. तास पस्तीस मिनिटांचा. वर्ग वरच्या मजल्यावर. मुली खाली उतरेपर्यंत पाच मिनिटे गेली. रांगा, दक्ष-विश्राम आणि हजेरी यांत सात-आठ. शेवटी हातपाय धुऊन वर्गात जायला पाच. मधल्या वेळात आपली पाळी येईपर्यंत उभे राहायचे. ती पोरगी प्रत्यक्ष हलली किती? अकरा मिनिटे. बाकीचा तास दप्तरी लागला, अकरा मिनिटे अंगी लागली.”

हा ‘अंगी लागणे’ शब्द आपण खाण्याच्या संदर्भात वापरतो. ताटात वाढलेले सगळेच अंगी लागत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. वेळापत्रकात वाढलेला तासही सगळा अंगी लागत नाही, हे मात्र त्या सकाळपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तीत हाडांना व स्नायूंना बळ देणारे प्रकार असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. दोन तासांची अकरा-अकरा मिनिटे मिळून होतात २२. या संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे २०१६ साली अकरा ते सतरा वयाच्या शंभरांतील ८१ मुले या साठ मिनिटांपर्यंत पोहोचत नव्हती. मुलांत हे प्रमाण ७८, मुलींत ८५. आणि शाळेने मनावर घेतले तर काय साधते? अमेरिकेत अ‍ॅरिझोनापासून मेरीलँडपर्यंत सहा ठिकाणच्या ३६ शाळा निवडून, त्यांतील निम्म्या शाळांत किशोरवयीन मुलींसाठी वर्गातले, मैदानावरचे आणि शाळेबाहेरचे असे नाना उपक्रम योजण्यात आले. तेव्हा तीन वर्षांच्या अंती त्या शाळांतील मुली इतर शाळांतील मुलींपेक्षा दिवसाला सरासरी १.६ मिनिटे अधिक हालचाल करताना आढळल्या. दीड मिनिटाहून किंचित अधिक! हा आकडा मी बाईंना सांगितला तेव्हा त्या निराश होतील अशी मला धास्ती होती. त्या थोडा वेळ मैदानाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग माझी अकरा मिनिटे मी कुणाला देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा तास नीट पाहिला. नववीच्या दोन तुकड्यांच्या मिळून बावन्न मुली होत्या. हजेरी वरच्या वर्गातच गटनायिकांनी घेतलेली. मुली खाली आल्या त्या रांगेत उभ्या न राहता थेट मैदानाला एक फेरी घालीत आपापल्या आखलेल्या जागी गेल्या. खो-खो हा माझ्या आवडीचा खेळ. तथापि बाईंनी त्याचा जो हिशेब मांडला तो मला नाकारता आला नाही. पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नऊ गडी, त्यांपैकी आठ चौकोनांत बसलेले, एक धावणारा, आणि समोर एका वेळी तिघे पळणारे; म्हणजे कोणत्याही क्षणी चौघींच्या पायांना गती, आणि बावन्नांपैकी अठ्ठेचाळीस स्थिर. सामन्यात हीच त्या खेळाची शोभा. तासात मात्र हाच त्याचा खर्च. म्हणून त्यांनी वर्गाचे तेरा-तेरांचे चार गट पाडले होते. एका कोपऱ्यात चारच चौकोनांचा आखूड खो-खो, दुसरीकडे लंगडी, तिसरीकडे खांबाला वळसा घालून परतण्याची शर्यत, आणि कडुनिंबाजवळ दोरीच्या उड्या; पाच मिनिटांनी शिटी होई आणि गट जागा बदलीत.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा होता त्यांनी बदललेला एक नियम. त्यांच्या लंगडीत कुणी बाद होऊन बसत नसे. जिला स्पर्श झाला तिने बाहेर येऊन दहा उड्या मारायच्या आणि पुन्हा आत शिरायचे. “बघा ना,” त्या म्हणाल्या, “जी जड आहे, जिला दम लागतो, तीच पहिली बाद होते. म्हणजे जिला धावण्याची सर्वांत जास्त गरज, तिलाच आपण सर्वांत आधी खाली बसवतो, आणि बसवतो तेही सगळ्यांच्या देखत. पुढच्या तासाला ती पोट दुखतंय म्हणून सांगते. तिचं खरोखर दुखतही असेल. पण कुठं दुखतं, ते आपण कधी विचारत नाही.” अनेक पिढ्यांनी निर्वेध खेळलेल्या त्या साध्या नियमात इतकी कठोरता दडलेली असेल, असे मला कधी वाटले नव्हते, आणि आता वाटल्यावाचून राहत नाही.

मुलींच्या अडचणी केवळ संकोचाच्या नसतात. पायांत चपला, अंगावर ओढणी, वरच्या मजल्याच्या कठड्यावरून पाहणारी मुले, महिन्याचे चार दिवस. या प्रत्येकीवर बाईंनी काही ना काही उपाय योजला होता. ओढण्या कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर टांगल्या जात. मुलींचे मैदान इमारतीच्या मागल्या अंगास, जिकडे मुलांच्या वर्गाची खिडकी नाही तिकडे, हलवण्यास त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज करून मंजुरी मिळवली होती. आणि ज्या मुलीला त्या दिवशी धावणे नको असेल, तिने कारण न सांगता शिटी आणि घड्याळ सांभाळावे असा शिरस्ता होता.

तरीही एक मुलगी कडुनिंबाखाली उभी होती. पहिल्या दिवशी उभी होती, दुसऱ्या दिवशी उभी होती. उंच, सडपातळ, हातांची घडी घातलेली. तिला शिटीही नको होती. दुसऱ्या दिवशी मीच तिच्याजवळ गेले. तिने नम्रपणे सांगितले की तिचे घर मळ्यात आहे, पहाटे उठून गोठा झाडायचा, वैरण घालायची, हापशावरून पाणी आणायचे, मग शाळेपर्यंत चालत यायचे; आणि शेवटी म्हणाली, “मी सकाळपासून लय हाललेय, मावशी. आता बाई बसू देतील तर बरं.”

मी निरुत्तर झाले. १४६ देशांच्या त्या संशोधनाच्या निवेदनात एक वाक्य होते, जे मी यापूर्वी वाचून पुढे गेले होते: बांगलादेश व भारत येथील मुलींत निष्क्रियतेचे प्रमाण तुलनेने कमी दिसते, त्याचे कारण कदाचित घरात त्यांच्या वाट्याला येणारी कामे हे असावे. म्हणजे आकड्यांच्या कोष्टकात ही मुलगी उत्तीर्ण आहे. तिची साठ मिनिटे सूर्य उगवण्यापूर्वीच भरतात. मग या मैदानाने तिला काय द्यावे? बाईंना मी हे विचारले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घरी ती हलते ते दुसऱ्यासाठी. इथं तिनं स्वतःसाठी हलावं. मी तिला ओढणार नाही. पण तिची जागा मी रिकामी ठेवते.” आणि खरोखरच, तिच्या गटात बारा मुली असत, तेरावी खूण रोज फक्कीने आखलेली असे.

ही जागा मला वारंवार आठवते. किशोरवयातील वाढीच्या ऐन वेगाच्या दोन वर्षांत माणसाच्या प्रौढपणीच्या अस्थिसंचयापैकी सुमारे चतुर्थांश साठतो, हे शास्त्र सांगते. त्या दृष्टीने दोरीची एकेक उडी ही पुढल्या पन्नास वर्षांची ठेव आहे, आणि एवढ्या एकाच कारणासाठी हा तास जपावा असे कुणी म्हटल्यास मी त्याच्याशी सहमत होईन. तथापि त्या चार दिवसांनंतर माझी श्रद्धा निराळ्या कारणावर जडली आहे. श्रमाने शरीर वापरले जाते. खेळात ते आपल्याला परत मिळते. ज्या मुलींना ते अन्यत्र कुठेही परत मिळणार नाही, त्यांना ते शाळेत मिळावे.

चौथ्या दिवशी लांब दोर काढला होता. दोघींनी दोन टोकांनी तो फिरवायचा आणि बाकीच्यांनी एकेक करून आत शिरायचे. फिरवणाऱ्यांचे हात भरून येत, दोर मंदावे, आत शिरलेल्यांच्या पायांत अडके. तिसऱ्यांदा अडकला तेव्हा कडुनिंबाखालची ती मुलगी दोन पावले पुढे आली आणि म्हणाली, “आण इकडं.” विहिरीचे आणि हापशाचे पाणी ओढलेले ते हात होते, तिने दोराला असा सणसणीत घेर दिला की समोरच्या टोकाची मुलगी हसून ओरडली, आणि पाच, सात, नऊ मुली एकाच लयीत उडू लागल्या. दोर जमिनीला लागे तिथे फक्कीचा लहानसा ढग उठे, आणि तो वास ओट्यापर्यंत येई. तिने किती वेळ दोर फिरवला, ते शिटी सांभाळणाऱ्या मुलीने मोजून बाईंना सांगितले. अकरा मिनिटे. मग टोक दुसरीच्या हाती देऊन, ओढणी फांदीवर टाकून, ती आत शिरली.

तास संपल्यावर ती घामाने निथळत बाईंजवळ आली. “बाई, आता कधी?”

“बुधवारी.”

बाईंनी हे उत्तर दिले तेव्हा त्यांना आणि मलाही ठाऊक होते की त्या सकाळीच शिक्षकांच्या खोलीत एक सूचना लागली आहे, आणि तीत बुधवारचा हा तास बीजगणितासाठी मागितला आहे. मुली जिना चढून गेल्या. बाईंनी डबा ओट्यावर ठेवला, हात न धुताच त्या कार्यालयाकडे चालू लागल्या, आणि दार आत लोटून गेल्या. मी निघाले तेव्हा त्या अद्याप बाहेर आल्या नव्हत्या. दाराच्या निळ्या रंगावर त्यांच्या पाच बोटांचे पांढरे ठसे स्पष्ट दिसत होते.