दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी आणि डोंगरातले पाडे

मोबाइलच्या पडद्यावर एक रेघ उमटावी म्हणून टेकडी चढणे जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांना नवे नाही. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटतो, पण पडताळणी अडते ती नेटवर्कपाशी. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून आहे. मात्र ती बोलवायला आधी फोन लागावा लागतो.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. येथे खरा प्रश्न त्यापुढचा आहे. एका ग्रामपंचायतीचे पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. प्रत्येकापर्यंत केबल खोदत नेणे परवडत नाही आणि मोजक्या घरांसाठी मनोरा उभारण्यात कंपन्यांना रस नसतो.

याच जिल्ह्यात यावर एक उत्तर तपासले गेले. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने पालघर तालुक्यातील खामलोली व परिसरातील सात गावांत टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचविले. देशात जमिनीवरून प्रक्षेपण करते ते एकटे दूरदर्शन. त्यामुळे 470 ते 590 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील 15 पैकी किमान 12 वाहिन्या जवळपास सर्वत्र रिकाम्या असल्याचे याच संस्थेच्या 2014 च्या अभ्यासात आढळले होते. नेहमीच्या वाय-फायची लहर सुमारे 12 सेंटिमीटरची, तर ही सुमारे 60 सेंटिमीटरची. लांब लहर झाडीतून अधिक सहज पार होते, उंचवट्यावरून काहीशी वळतेही. मनोऱ्यावरून ती गावात उतरवायची आणि तेथून साध्या वाय-फायने घरोघर न्यायची, अशी ही रचना. 'ग्राममार्ग' या प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिकही मिळाले.

तंत्र सिद्ध झाले, अडले ते परवान्यापाशी. अमेरिकेने 2010 मध्ये अशा वाहिन्या विनापरवाना वापरासाठी खुल्या केल्या. आपल्याकडे त्या प्रयोगांपुरत्याच राहिल्या. 2022 च्या लिलावात 600 मेगाहर्ट्झचा पट्टा विक्रीस होता, त्याला बोलीच आली नाही. न विकली जाणारी लहर खेड्यांना मोफत देण्यात कोणाचे नुकसान होते, हे सांगणे कठीण.

दरम्यान उपग्रहाचा पर्याय पुढे आला आहे. स्टारलिंकला केंद्राचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला, तर नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने कंपनीशी इरादापत्र केले. डोंगर त्याला आडवा येत नाही. येईल ती किंमत. शाळा वा आरोग्य उपकेंद्रात एक सामायिक संच बसविला, तर मात्र हिशेब बदलू शकतो.

ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातील एका पाड्यावरून प्रसूत झालेल्या मातेला झोळीतून न्यावे लागले. तिची जुळी बाळे दगावली. तेथे रस्ताच नव्हता. ते काम कोणतीही लहर करणार नाही. रस्ता आहे तेथे गाडी वेळेवर निघेल की नाही, हे मात्र तिच्यावर ठरते.