गणात वंदन कुणाला?

वाळवे तालुक्यातल्या कॉलेजात लोकसाहित्य शिकवताना मी मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे : तमाशा कोणत्या काळातला आहे हे ओळखायचं असेल तर त्याचा गण ऐका. वंदन कुणाला केलंय तेवढं पाहा.

तमाशाची घडण ठरलेली. आधी ढोलकी आणि हलगी एकमेकींना डिवचत उठतात. पार लांबच्या वस्तीवरही कळतं की फड उभा राहिला. मग शाहीर पुढे येतो. मागे तुणतुणं आणि झांज घेऊन सुरत्ये उभे. शाहिरानं ओळ टाकली की ते तिचा शेवट उचलतात आणि 'जी जी रं जी' करत उंच स्वरात नेऊन सोडतात. हा झाला गण, गणपतीचा. त्यामागून गवळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि पेंद्या. पुढे बतावणी, म्हणजे विनोदी सवालजवाब, आणि रात्र चढल्यावर वग, म्हणजे कथानाट्य. पहिला वग सावळजच्या उमा-बाबूंचा 'मोहना-बटाव' मानतात, साधारण 1865 चा.

पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावणीला दरबारात कदर होती. 1818 साली पेशवाई गेली आणि तमाशा गावोगावच्या जत्रांवर जगू लागला. रयतेच्या पैशावर चालणारा खेळ रयतेच्याच बोलीत बोलणार. म्हणूनच ज्याला ज्याला रयतेला काही सांगायचं होतं, तो या फडाकडे वळला.

जोतीराव फुल्यांनी 1855 मध्येच 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं होतं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पुढे सत्यशोधकांनी जलसे काढले. साचा तमाशाचाच; वगात मात्र राजा-राणीच्या जागी कर्जात बुडालेला कुणबी, सावकार आणि लग्नकार्यात दक्षिणा उकळणारा भटजी आला. शाळेत न गेल्यानं काय होतं, ते शाळा न पाहिलेल्या माणसाला हसवत हसवत कळलं.

1930 च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. महाडचा 1927 चा सत्याग्रह आणि काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह वर्तमानपत्र न वाचणाऱ्या वस्त्यांपर्यंत या जलशांच्या गाण्यांतून पोचले. मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या करमणुकीसाठी ढोलकी वाजवणारे हात आता स्वतःचं म्हणणं मांडण्यासाठी वाजवू लागले होते. त्यांच्या गणात वंदन भीमरायाला, म्हणजे डॉ. आंबेडकरांना, होतं.

मग अण्णा भाऊ साठे. जन्म 1920 चा, आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचा. मुंबईत गिरणीत काम केलेला हा माणूस तमाशा लहानपणापासून जवळून पाहिलेला. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्या गणात गणपती नाही. तिथे मायभूमी आहे, शिवाजी महाराज आहेत. गवळणही त्यांनी वगळली. 'अकलेची गोष्ट', 'माझी मुंबई' हे वग कामगारांच्या वस्त्यांतून गाजले. त्यांच्या खेळाला लोकनाट्य म्हणू लागले, आणि सरकारनं कलापथकावर बंदी घातली. बंदीपर्यंत जाण्याइतकी त्या ढोलकीची धास्ती वाटली होती!

आता थोडं मागे जाऊ. आमच्याच तालुक्यात, रेठरे हरणाक्षला, 1866 मध्ये शाहीर पठ्ठे बापूराव जन्मले, ब्राह्मणाच्या घरात. तमाशाच्या पायी त्यांनी जात आणि घर सोडलं. त्यांच्या फडात नाचणारी पवळा महार समाजातली. बाईची भूमिका नाच्या पोरगा करी, त्या जागी प्रत्यक्ष बाई उभी राहिली, ती या पवळेच्या काळात.

इथेच मला या सगळ्या इतिहासात एक उणीव दिसते. जलशांनी वग बदलला, वंदन बदललं, पण फडातल्या बाईला त्यांत जागा मिळाली नाही. जलशात गाणारे-नाचणारे बहुतेक पुरुषच. बाईच्या नाचाला बट्टा लागलेला, म्हणून चळवळीनं नाच टाकला आणि त्याबरोबर नाचणारीलाही बाहेर ठेवलं. तिचा बट्टा पुसण्याचं काम कुणी हाती घेतलं नाही. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत अजून सांगतात. तरी 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हाचे दिवस ओढगस्तीचेच होते.

आज नारायणगावच्या राहुट्यांत गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या सुपाऱ्या ठरतात, तेव्हा यात्रा कमिटी पहिल्यांदा विचारते ती सिनेमाची गाणी. रात्री दहाला कर्णे बंद करायचे असल्यानं कापला जातो तो वग. माझी कमिटीवाल्यांना विनंती आहे : खेळ सायंकाळी लवकर सुरू करा, सुपारी देताना गण, गवळण आणि पुरा वग मागा, आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजा. आणि तुम्ही बघायला गेलात तर वग संपल्याशिवाय उठू नका.