दिल्ली दरवाजा ते विद्यापीठ: भिंतीवरची झाडे, मातीतली झाडे

बीबी का मकबऱ्यात येणारा पाहुणा घुमट बघतो, ताजमहालाची आठवण काढतो, फोटो घेतो आणि निघतो. या वास्तूतले सर्वांत देखणे काम मात्र नजरेच्या उंचीवर आहे. प्रवेशद्वाराच्या लाकडी दारांना मढवलेल्या पितळी पत्र्यावर वेलबुट्टी आहे आणि पुढे मुख्य इमारतीच्या भिंतींवर गिलाव्यात उठवलेली फुलझाडे आहेत. छत्रपती संभाजीनगरात एक दिवस झाडापानांसाठी काढायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी आणि तीही सकाळी. तिरप्या उन्हात उठावाची पाकळी न् पाकळी वेगळी दिसते. दुपारी सगळी भिंत सपाट पांढरी होऊन जाते.

औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू 1657 साली वारली. तिच्यासाठी बांधलेल्या या मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. ताजमहालाच्या रचनेचे श्रेय याच लाहोरींना दिले जाते. इथे संगमरवर आहे तो भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, त्यावर घोटून गुळगुळीत केलेला गिलावा. आग्र्याला संगमरवरात रंगीत दगड बसवून फुले काढली, इथे ती गिलाव्यातून घडवली. गिलावा आळेपर्यंतच कारागिराचा हात चालतो. ही कसरत लक्षात घेतली की ‘गरिबांचा ताज’ हे विशेषण फार अन्यायाचे वाटते.

मुघल चित्रकलेत फुलझाड हा स्वतंत्र विषय झाला तो औरंगजेबाचे आजोबा जहांगीर यांच्या काळात. 1620 च्या काश्मीर भेटीत उस्ताद मन्सूर याने शंभराहून अधिक फुले चितारली, अशी नोंद जहांगीरने आत्मचरित्रात केली आहे. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकच झाड, दोन्ही बाजूंना तोलून धरलेली पाने, मधोमध फूल ही मांडणी कागदावरून दगडावर आणि कापडावर गेली. मकबऱ्याच्या भिंतीसमोर उभे राहिलात की त्याच परंपरेचे दख्खनी टोक आपल्यासमोर असते.

इथून हिमायतबाग जवळच, दिल्ली दरवाजालगत. पलीकडे सलीम अली सरोवर. सतराव्या शतकातली, तीनशे एकरांच्या आसपास पसरलेली ही मुघल बाग आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. इथे आंबा आहे, चिंच आहे. ‘प्रतिष्ठान’ हा चिंचेचा वाण याच केंद्राने दिला. वाण टिकवायचा तर त्याचे मातृवृक्ष जिवंत लागतात, त्यांच्या काड्यांवर पुढची कलमे होतात. म्हणून ही बाग म्हणजे मराठवाड्याच्या फळझाडांची ठेव आहे, शहरातला एक मोकळा भूखंड नव्हे. ती कमी होऊ देणे या शहराला परवडणारे नाही.

दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर गाठावा. वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आणि वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रह हे या भागाचे मोठे धन. प्रा. वि. ना. नाईक आणि सहकाऱ्यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींची नोंद करणारा दोन खंडांचा ग्रंथ 1998 मध्ये याच शहरातून प्रसिद्ध केला. ‘मराठवाड्यात आहे काय, नुसता दुष्काळ’ असे म्हणणाऱ्याने ते खंड एकदा चाळावेत.

याच विभागातले मिलिंद सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्यातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग यांचा 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेला निबंध तर कला आणि वनस्पती यांना थेट जोडतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे अंश सापडले. तंतूंनी गिलावा धरून ठेवला, किडींनाही दूर ठेवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचे किडींनी बरेच नुकसान केले आहे. चित्र टिकवणारे झाड चित्राच्या आतच असते, हे इथल्या अभ्यासकांनी दाखवून दिले, याचा अभिमान वाटतो.

ऊन उतरल्यावर विद्यापीठामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी चढावीत. तिसऱ्या लेण्याच्या खांबांवरची नक्षी निवांत बघा. अजिंठा या दिवसात बसवू नका. पहिल्या लेण्याच्या छतावरची कमळे आणि फळे बघायला स्वतंत्र दिवस हवा, आणि सोमवारी ती लेणी बंद असतात.

हिमायतबाग हे संशोधन केंद्र आहे, त्यामुळे आत फिरण्याआधी कार्यालयात विचारून घ्यावे. विद्यापीठाचा संग्रह बघायचा असेल तर विभागाशी आधी बोलावे. पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर कलमांची चौकशी जरूर करा. घरामागे, बांधावर जागा असेल तर एक चिंच लावा; कमी पाण्यावर तग धरणारे हे झाड आपल्या मातीला मानवते.