कीड सापडली कधी आणि आली कधी?

‘या किडीची पहिली नोंद अमुक साली झाली’ हे वाक्य शोधनिबंधांत तुम्हाला वारंवार भेटेल. ते वाचताना एक लक्षात ठेवा. ही तारीख कीड माणसाला दिसली तेव्हाची आहे. ती आली कधी, हा वेगळा प्रश्न आहे, आणि जंगल वाचवायचं तर त्याचंच उत्तर जास्त कामाचं असतं. हे समजायला अमेरिकेतल्या एमराल्ड ॲश बोररचं उदाहरण फार चांगलं आहे.

हा पाचूसारखा हिरवा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा खोडकिडा. मूळचा ईशान्य आशियातला. बहुधा आयात मालाच्या लाकडी खोक्यांतून तो उत्तर अमेरिकेत पोचला. बेसबॉलच्या बॅटी ज्याच्या लाकडापासून बनतात, तो ॲश वृक्ष हे त्याचं खाद्य. २००२ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉईट परिसरात तो सापडला. तिथले ॲश वृक्ष त्याआधीपासूनच वाळत होते, पण दोष ‘ॲश यलोज’ या जुन्या रोगाला दिला जात होता. किडा हाती लागल्यावरही त्याची ओळख पटवायला नमुने थेट स्लोव्हाकियातल्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागले.

इतकी वर्षं तो दिसला कसा नाही? कारण त्याची अळी सालीखाली राहते आणि झाडाचं अन्न वाहून नेणारा थर नागमोडी पोखरत जाते. सुरुवातीला अळ्या थोड्या असतात, झाड हिरवंगार दिसतं. शेंडा विरळ होईपर्यंत आतलं नुकसान बरंच झालेलं असतं. प्रौढ किडा बाहेर पडताना सालीला इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं भोक पाडतो. पण तेही आधी झाडाच्या वरच्या भागात, म्हणजे आपल्या नजरेच्या वर.

मग तो आला कधी, हे कसं शोधायचं? इथे वार्षिक वलयं कामी आली. पाऊसपाण्याच्या वर्षी वलय रुंद, दुष्काळात अरुंद. त्यामुळे एका भागातल्या झाडांत रुंद-अरुंद वलयांचा क्रम साधारण सारखा असतो. मेलेल्या झाडाच्या वलयांचा क्रम जिवंत झाडांशी जुळवला, की त्याचं शेवटचं वलय कोणत्या वर्षाचं ते कळतं. म्हणजेच झाड कधी मेलं ते कळतं. संशोधकांनी आग्नेय मिशिगनमध्ये ४.८ किलोमीटरची जाळी आखून हजाराहून अधिक ॲश वृक्षांचे नमुने घेतले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या किडीने मारलेली सर्वांत जुनी झाडं १९९७ मधली होती. झाड मरण्याइतक्या अळ्या वाढायला लागणारा काळ धरला, तर कीड १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथे स्थिरावली होती. सापडण्याच्या साधारण दहा वर्षं आधी!

आता या दहा वर्षांचा अर्थ बघा. कीड नवी आहे असं धरलं, तर झाडं तोडून तिचा नायनाट करणं योग्य वाटतं. तसे प्रयत्न झालेही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत सुमारे १० किलोमीटर रुंदीचा पट्टा ॲशमुक्त केला गेला. पण कीड पुढे गेलीच. जळाऊ लाकूड गाडीत घालून नेणारा माणूस तिला कुठल्याही पट्ट्यापलीकडे पोचवू शकतो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ॲश लाकडाच्या वाहतुकीवरचे निर्बंधही उठवले आणि भर मित्रकीटकांवर दिला.

२००७ पासून चीनमधून आणलेल्या छोट्या परजीवी गांधीलमाश्या सोडल्या जात आहेत. त्याआधी, त्या स्थानिक किड्यांवर हल्ला करतील का, याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. नाहीतर एका आगंतुकासाठी दुसरा आगंतुक आणल्यासारखं झालं असतं. यातली टेट्रास्टिकस चांगली टिकली. पण तिची अंडी घालण्याची नळी आखूड आहे. जाड सालीतून ती अळीपर्यंत पोचत नाही, म्हणून लहान झाडं वाचतात, मोठी नाही. या अडचणीवर रशियाच्या अतिपूर्वेकडची, लांब नळीची स्पॅथियस गॅलिनी निवडली गेली आणि २०१५ मध्ये तिला परवानगी मिळाली. मोठी झाडं मेल्यावर उगवणारी नवी पिढी तरी मोठी व्हावी, हा यामागचा हिशोब.

तुमचा विषय वन कीटकशास्त्र नसेलही. तरी पहिली नोंद वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. त्याआधी कुणी शोधत होतं का? शोधण्याची पद्धत कमी संख्या पकडू शकत होती का? आणि मागचा काळ मोजायला वलयांसारखा दुसरा पुरावा आहे का? उपाय नायनाटाचा की नियंत्रणाचा, हे बऱ्याचदा या उत्तरांवरच ठरतं.