अ‍ॅब्लेशननंतर ठोक्यांवर घरची नजर

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांचे ठोके बेताल पडतात. हा गोंधळ बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतो, हे फ्रान्समधील बोर्दोच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. अ‍ॅब्लेशनमध्ये त्या शिरांभोवतीची ऊती निकामी करून चुकार विद्युतलहरींची वाट अडवली जाते.

त्यानंतरचे दोन-तीन महिने जखम भरण्याचे असतात. या काळात ताल पुन्हा बिघडला, तरी उपचार फसला असे धरत नाहीत. पुढे मात्र ईसीजीवर ३० सेकंद किंवा अधिक टिकलेला झटका पुनरावृत्ती मानला जातो.

खरी अडचण अशी की झटका जाणवेलच याची खात्री नसते. ‘डिसर्न एएफ’ या २०१३ च्या अभ्यासात रुग्णांच्या छातीत त्वचेखाली नोंदयंत्र बसवले होते. उपचारापूर्वी मूक आणि जाणवणारे झटके जवळपास बरोबरीचे होते. उपचारानंतर एकूण झटके खूप घटले. पण उरलेल्यांत मूक झटके जाणवणाऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त निघाले. धडधड थांबली म्हणून आजार गेला, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

घरच्या तपासणीची सुरुवात नाडीपासून करावी. मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि त्यांतील अंतर सारखे आहे का, हे पाहावे. मनगटी घड्याळातील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो. हात हलला की ही नोंद बिघडते, त्यामुळे तिला केवळ इशारा समजावे. ईसीजीची सोय असलेल्या घड्याळावर दुसऱ्या हाताचे बोट टेकवले की दोन हातांमधील विद्युतदाब ३० सेकंद नोंदला जातो. ही ईसीजीची पट्टी डॉक्टरांना वाचता येते. रोज ठरावीक वेळी आणि त्रास जाणवेल तेव्हा ती काढून, तारीख-वेळेसह जपून ठेवणे उपयोगाचे. बेताल ठोक्यांत रक्तदाबाचे यंत्रही फसते. दोन-तीन मोजण्यांची सरासरी घ्यावी.

अधूनमधून येणारा झटका होल्टरमधून, म्हणजे अंगावर बांधून २४ तास ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रातून, सहज निसटतो. छातीला चिकटवायची पट्टी दोन आठवड्यांपर्यंत नोंद ठेवते, त्वचेखालचे यंत्र काही वर्षे.

नोंदी कितीही चांगल्या आल्या, तरी रक्तात गुठळी होऊ न देणारी औषधे परस्पर बंद करू नयेत. वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात यांवरून त्यांची गरज ठरते. केवळ तालावरून नव्हे. छातीत दुखणे, भोवळ, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा अ‍ॅब्लेशननंतरच्या आठवड्यांत ताप येऊन गिळताना दुखणे, यांपैकी काहीही झाले तर घड्याळ पाहत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.