डीएनए ठसा : ओळख कशी पटते, कोठवर पटते

जुने गोवे येथील टेकडीवर संत ऑगस्टीन मठाचे भग्नावशेष आहेत. मूळ सुमारे ४६ मीटर उंच असलेल्या मनोऱ्याचा जेमतेम अर्धा भाग आज उभा आहे. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि पुढे सारा परिसर दगडमातीखाली गेला. या ढिगाऱ्याचे उत्खनन करताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास मानवी अस्थी मिळाल्या. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे ठार मारण्यात आले व तिच्या उजव्या हाताच्या अस्थी ऑगस्टीन पंथाच्या धर्मगुरूंनी १६२७ मध्ये गोव्यास आणल्या, असा उल्लेख जुन्या कागदपत्रांत आहे. सापडलेले हाड तिचेच काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने केले.

हे उत्तर कसे निघाले हे समजण्यासाठी प्रथम डीएनए म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मनुष्याच्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. तांबड्या रक्तपेशींत केंद्र नसते; म्हणून रक्ताच्या डागातून डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींचा. हा धागा म्हणजे केवळ चार अक्षरांत लिहिलेला, सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर होय, असे समजण्यास हरकत नाही. या मजकुराचा फार मोठा भाग सर्व माणसांत सारखाच असतो. परंतु काही ठिकाणी एखादा लहानसा शब्द पुन:पुन्हा लिहिलेला आढळतो. एकाच्या मजकुरात तो एका ठिकाणी सात वेळा, तर दुसऱ्याच्या मजकुरात अकरा वेळा. प्रत्येक ठिकाणच्या दोन नोंदी असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून. एका ठिकाणची जोडी अनेकांची जुळू शकते. परंतु वीसएक ठिकाणच्या जोड्या एकाच वेळी जुळणे, हे एकरूप जुळी भावंडे सोडल्यास, जवळजवळ अशक्य. या आकड्यांची मालिका म्हणजेच डीएनए ठसा. बोटाच्या ठशाशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे.

पितृत्वाच्या वादात हाच हिशेब उपयोगी पडतो. मुलाच्या प्रत्येक जोडीतील एक आकडा आईशी जुळतो. उरलेला पित्याशी जुळला पाहिजे. अनेक ठिकाणी तो जुळत नसेल, तर ती व्यक्ती पिता नव्हे. मात्र अशी तपासणी मागणी होताच सरसकट फर्मावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये रक्ततपासणीसंबंधीच्या एका निकालात सांगितले आहे. निष्पाप मुलावर कायमचा कलंक लागू नये, ही त्यामागील काळजी रास्तच म्हणावी लागेल.

या पद्धतीचा शोध इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना १० सप्टेंबर १९८४ रोजी लागला. त्यानंतर थोड्याच काळात तिची कठोर कसोटी लागली. लेस्टरशायर परगण्यातील नारबरो परिसरात १९८३ व १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका युवकाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. जेफ्रीज यांनी ठसे तपासले तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे असल्याचे दिसले. परंतु तो माणूस हा युवक नव्हता. स्वतःच्या कबुलीजबाबाने तुरुंगात गेलेला युवक सुटला. नंतर पोलिसांनी परिसरातील सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले, तरी एकही जुळेना. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी एका सहकाऱ्यास नमुना देण्यास पाठविले होते. ही गोष्ट दारूच्या गुत्त्यातील गप्पांतून फुटली. १९८७ मध्ये त्यास अटक झाली व १९८८ मध्ये जन्मठेप. पाच हजार तपासण्यांनी जे साधले नाही ते एका ऐकीव बोलण्याने साधले, हे तपासी अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भारतात हे तंत्र रुजविले ते डॉ. लालजी सिंग यांनी, हैदराबादच्या वर उल्लेखिलेल्या केंद्रात, १९८८ च्या सुमारास. पट्टेरी मण्यार या सर्पाच्या डीएनएवरील त्यांच्या पूर्वीच्या अभ्यासातूनच माणसाचे ठसे वाचण्याचे साधन मिळाले.

आता राणीच्या अस्थीकडे वळू. येथे नेहमीचा ठसा उपयोगी नव्हता. एक तर सुमारे चारशे वर्षांत पेशीकेंद्रातील धागा तुटून विस्कळीत होतो. शिवाय जुळवून पाहण्यास राणीचा दुसरा कोणताही नमुना नव्हता. म्हणून शास्त्रज्ञांनी पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए वाचला. त्याच्या प्रती एकेका पेशीत शेकड्यांनी असतात, व तो केवळ आईकडून येतो. त्यावरून व्यक्ती नव्हे, मातृवंश कळतो. सापडलेल्या एका हाडाचा मातृवंश भारतात न आढळणारा, परंतु जॉर्जिया व आसपासच्या प्रदेशात आढळणारा निघाला. उत्खननाचा पुरावा व जुन्या कागदपत्रांतील नोंदी यांची त्याशी सांगड बसली. तरीही शास्त्रज्ञांनी हे हाड राणीचे ‘असावे’ एवढेच लिहिले. नकार देताना डीएनए जितका ठाम असतो तितका होकार देताना तो प्रत्येक वेळी नसतो. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियास दिला.

प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्याकडे पोहोचणारा नमुना शुद्ध असावा लागतो. जर्मनीत एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडत होता. पोलिस तिचा वर्षानुवर्षे शोध घेत होते. २००९ मध्ये उलगडा झाला की नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्याच कारखान्यात एका कामगार स्त्रीच्या हातून दूषित झाल्या होत्या!

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. तज्ज्ञ येईपर्यंत जागा जशीच्या तशी राखणे गावकऱ्यांच्या व पोलीस पाटलांच्या हाती असते. जमिनीवरील रक्त धुऊन काढू नये, वस्तू हाताळू नयेत, गर्दी दूर ठेवावी. पीडित व्यक्तीचे कपडे धुऊ नयेत. ओला कपडा सावलीत, उष्णता न देता वाळवून कागदी पिशवीत ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी धरते व डीएनए नासतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तर यास दोन दिवसही पुरतात. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, मोहोरबंद करून, कोणी कोणाच्या हाती केव्हा दिली याच्या नोंदीसह पाठवावी लागते. ही नोंद मध्येच तुटली, तर जुळलेला ठसाही न्यायालयात प्रश्नांकित होतो.